आजीच्या बियांच्या पिशव्या

रोहिणी नक्षत्र लागलं की मावशीचा फोन येतो. गेली कित्येक वर्षं यात खंड नाही. ‘‘मृगाच्या आधी येऊन जा. बिया काढून ठेवल्यात,’’ एवढंच बोलून ती फोन ठेवते. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, त्यावरही हेच वाक्य असायचं. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्याकडे गॅलरीत चार कुंड्या आणि दोन फुटके टब. तिथे मी असं काय पेरणार? पण मावशीपुढे हे बोलायची सोय नाही. एसटीत बसायचं, साताऱ्याला गाडी बदलायची, कोरेगावच्या बाजूला तिच्या गावी उतरायचं आणि निमूटपणे पदर पसरायचा. (पदर म्हणायचा आपला. हल्ली मी ओढणी पसरते, त्यावरूनही बोलणी खाते.)

बिया ज्यात असतात त्या पिशव्या माझ्या आजीच्या. वीतभर लांब, चार बोटं रुंद, तोंडाला नाडी ओवलेली. कुणाचं अस्तर जुन्या लुगड्याचं, कुणाचं खणाच्या तुकड्याचं, एकाचं चक्क मामाच्या मुंजीतल्या धोतराचं. प्रत्येकीवर साखळी टाक्यानं नाव भरलेलं : घेवडा, वाल, पडवळ, दोडका, दुधी, तवसं. आत बियांना चुलीतली राख चोळलेली असते, म्हणजे कीड लागत नाही. लहानपणी मला त्या पिशव्या उघडून नाकाशी धरायचा नाद होता. राखेचा, जुन्या कापडाचा आणि कसल्यातरी हिरव्या गोष्टीचा असा एक मिसळलेला वास यायचा. माझ्या लेखी आजीचा वास तोच.

आजीनं आयुष्यात तीन गोष्टी मनापासून केल्या. झाडाझुडपांत हिंडली, शाळेत शिकवलं आणि शिवण शिवलं. या तिन्ही गोष्टी तिच्यापाशी वेगवेगळ्या नव्हत्याच. बियांची पिशवी शिवता शिवता ती एखाद्या पोरीला ‘घ’ गिरवायला लावायची, आणि त्याच वेळी घेवडा आधाराच्या काठीवर कुठल्या बाजूनं वळसे घेतो तेही विचारायची. ‘‘बघून ये,’’ हे तिचं आवडतं वाक्य. आम्ही नातवंडं काहीही विचारायला गेलो की उत्तर एकच. बघून ये. आम्ही बघून यायचो, आणि बहुधा चुकीचं बघून यायचो. मग परत जायचं.

तिचा जन्म १९१७ सालचा. चौथी झाली आणि शाळा सुटली. १९३० च्या माघात, बाराव्या वर्षी, तिचं लग्न लागलं. मुलीचं लग्नाचं वय निदान चौदा असावं असा शारदा कायदा आदल्या वर्षी मंजूर झाला होता आणि त्या एप्रिलपासून लागू होणार होता. त्याच्या आत बार उडवून टाकायची तेव्हा घरोघर घाई चालली होती. ‘‘सरकारनं माझ्यासाठी कायदा केला, तो मला दोन महिन्यांनी चुकला,’’ असं आजी हसत म्हणायची. ती हसायची म्हणून आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

१९४३ मध्ये आजोबा विषमज्वरानं गेले. आजी सव्वीस वर्षांची. पदरात तीन मुलं : मावशी आठ वर्षांची, माझी आई चार, मामा एक. साताऱ्याला आजीचे थोरले भाऊ होते, त्यांच्याकडे मुलांना ठेवून ती पुण्याला गेली. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेल्या सेवासदनानं तोवर तिच्यासारख्या कितीतरी जणींना पायावर उभं केलं होतं. तिथे राहून तिनं व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पुरी केली, मग अध्यापनाचं ट्रेनिंग घेतलं आणि सोबत शिवणकामही शिकली. पुण्याहून परत येताना तिच्या हातात दोन वस्तू होत्या. एक ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि दुसरं जुन्या बाजारात घेतलेलं हाताचं सिंगर मशीन. पैकी सर्टिफिकेट आता सापडत नाही. मशीन अजून चालतं.

१९४७ च्या जूनमध्ये तिची नेमणूक कोयनेच्या खोऱ्यात झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहून कुणाला सापडणार नाही. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचं पठार ओलांडायचं आणि बामणोलीच्या बाजूला खाली खोऱ्यात उतरायचं. तेव्हा बरीचशी वाट पायीच. पुढे बैलगाडीवर मशीन, पेटी आणि धाकटा मामा. मागून आजी, आई आणि मावशी चालत. पावसाळ्याच्या तोंडाशी निघालेली ती वरात आईला नीट आठवते. पठारावर धुकं इतकं होतं की गाडीवाला बैलांच्या शेपट्या धरून चालला होता म्हणे. आई गोष्ट फुगवून सांगते, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

आज कासचं पठार सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या त्यात ते आहे, आणि भाद्रपदात तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. आजीच्या दृष्टीनं ती शाळेला जायची वाट होती. त्या वाटेवरची फुलं तिला सोयऱ्यांसारखी ओळखीची होती. तेरडा, सोनकी, हळुंदा, चवर, आणि ओल्या कातळावर पसरलेली ती इवलीशी जांभळी-निळी ‘सीतेची आसवं’. सीतामाई वनवासात या वाटेनं गेली, तिची आसवं पडली तिथे ही फुलं उगवली, असं ती सांगायची. पुढे माझी आई जीवशास्त्राची शिक्षिका झाली. तिनं एकदा आजीला सांगितलं की, अगं, ही वनस्पती कीटकभक्षी आहे. जमिनीखाली हिला बारीक बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेऊन ती पचवते. मला वाटलं, आजीला वाईट वाटेल. आजी कौतुकानं म्हणाली, ‘‘म्हणजे रडता रडता पोटाचंही बघते! शहाणी आहे.’’

शाळा म्हणजे एक खोली, कारवीच्या कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यावर शेणामातीचा गिलावा द्यायचा. दरवर्षी पावसाआधी गिलावा नवा. कारवीचं रान सात वर्षं नुसतं वाढतं आणि मग एकदम सगळं मिळून फुलतं. डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांचा नुसता गजर चालतो, आणि बी धरून झालं की ती झाडं मरतात. वाळलेल्या काठ्या भिंतींना येतात. ‘‘आपण फुलांच्या घरात बसलोय,’’ असं आजी पोरांना सांगायची. पोरांना ते काही विशेष वाटत नसे. त्यांची घरंही तसलीच होती.

चार इयत्ता आणि शिक्षक एक. वह्या नाहीत, पाट्या अर्ध्या फुटलेल्या. आजीनं चिंचोके, सागरगोटे, झाडाची पानं आणि शिवणाची टेप यांच्यावर सगळी शाळा चालवली. तिचं एक गणित मी माझ्या मुलांनाही घातलं. बारा इंचांच्या पट्टीवर दोन्ही टोकं धरून पाच काजं पाडायची आहेत, तर दोन काजांमध्ये अंतर किती? सगळे बाराला पाचानं भागायला बसतात आणि अडतात. आजी काही बोलायची नाही, पट्टी आणि खडू हातात द्यायची. खुणा करायला लागलं की कळतं : काजं पाच असली तरी मधल्या जागा चारच. तीन-तीन इंच. ‘‘कापडावर कळतं ते कागदावर कळत नाही,’’ असं ती म्हणायची. कापड बेतायच्या आधी तीनदा मापायचं आणि मग एकदाच कातर चालवायची, हाही तिचाच नियम.

शिंपी पक्ष्याचं घरटं ही तिच्या शिवणाच्या तासाची पहिली पायरी. शाळेमागे उंबराचं एक रोपटं होतं, त्याच्या पानांत दरवर्षी घरटं व्हायचं. मूठभर जीव, पण आवाज केवढा! मादी चोचीनं पानाच्या कडेला भोक पाडते, त्यातून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढून घेते आणि दोन कडा जवळ आणते. आजी पोरींना अंतरावर बसवून दाखवायची. ‘‘गाठ मारलीय का तिनं? नीट बघा.’’ गाठ नसतेच. भोकातून बाहेर आलेलं धाग्याचं टोक पिंजल्यासारखं फुलतं आणि तेच गाठीचं काम करतं. आणि एक टाका दुसऱ्याशी जोडलेला नसतो, प्रत्येक टाका सुटा. ‘‘म्हणून एक तुटला तरी घर उसवत नाही. आपल्या धावदोऱ्याचं तसं नाही.’’ पिल्लं उडून गेली की ते वाळलेलं घरटं वर्गात यायचं आणि हातोहात फिरायचं.

मुलगे शाळेत यायचे. मुलींचं अवघड होतं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्याच वर्षी मुंबई सरकारनं केला होता खरा, पण कायदा खोऱ्यात उतरायला त्यालाही पायीच यावं लागत असावं. आजी घरोघर गेली. एका घरी कळलं की पोरीला एकच परकर आहे. तो धुतला की वाळेपर्यंत ती कोनाड्यात बसून असते. लढाईच्या काळात कापड रेशनवर गेलं होतं, त्या टंचाईची झळ खोऱ्यात अजून होती. आजीनं आपलं जुनं लुगडं फाडलं आणि दोन परकर शिवले. मग रात्री कंदिलाशी मशीन चालू झालं ते झालंच. त्या शाळेत पहिल्या तीन वर्षांत ज्या मुली आल्या त्यांतल्या निम्म्या आजीच्या लुगड्यांतून आल्या, असं आई म्हणते. या बाबतीत मात्र ती फुगवत नाही.

दुसऱ्या घरी आणखी एक अडचण निघाली. ‘‘बाई, पोरगी साळंत आली तर धाकल्याला कोन बघनार?’’ या प्रश्नाला आजीपाशी उत्तर होतं. ती म्हणाली, धाकट्यालाही आण. शाळेच्या आढ्याला तिनं मागच्या बाजूला दोन झोळ्या बांधल्या. वर्षभरात त्या चार झाल्या. पुढे पाढे, मागे झोळ्या. तपासणीला आलेले डिपोटी हे बघून चक्रावले, ‘ही शाळा आहे की बाळंतघर?’ असं त्यांनी विचारलं आणि शेरा मारून गेले. आजीनं झोळ्या सोडल्या नाहीत. तिच्या शाळेत मुलींची संख्या मुलग्यांच्या बरोबरीला आली. ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आम्हा सर्वांना पाठ आहे.

एक गोष्ट मात्र त्यात कधी नसायची. त्या झोळ्यांची दोरी कुणाच्या हातात होती?

मावशीच्या हातात होती. साताऱ्याला मामाकडे राहून ती चौथी पास झाली होती, शाळेत पहिली आली होती. खोऱ्यातली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी तिला साताऱ्याला ठेवावं लागलं असतं. आजीचे भाऊ नाही म्हणाले नसते. पण आजीला बारा वर्षांच्या त्या मुलीची गरज होती. पाणी आणायला, चूल बघायला, धाकट्या दोघांना सांभाळायला, आणि मग शाळेतल्या झोळ्यांना. वर्षभरच, असं ठरलं होतं. ते वर्ष काही संपलं नाही. पुढे चौथी होताच आईला साताऱ्याला शिकायला पाठवलं. मग मामाला पाठवलं. मावशी मागच्या भिंतीशी दोरी ओढत बसून राहिली. अठराव्या वर्षी, १९५३ साली, तिचं लग्न झालं. ‘‘चौथी माझी सहा वेळा झाली,’’ ती म्हणते. त्या काळच्या चारी इयत्तांच्या सगळ्या कविता तिला आजही तोंडपाठ आहेत, ओळीला ओळ. कधी म्हणायला लागली तर पायाचा अंगठा हलत असतो. झोळीची दोरी कधी कधी अंगठ्यात अडकवायची, ती सवय.

मग धरण आलं. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कोयनेचं पाणी चढत गेलं आणि खोऱ्यातली गावं उठली. कुणाला सोलापूरकडे जमिनी मिळाल्या, कुणाला सांगलीकडे, कुणी ठाण्याला, रत्नागिरीला, कुलाब्याला गेले. आजीनं निघणाऱ्या प्रत्येक घराला एकेक पिशवी शिवून दिली, तीन-चार तऱ्हेचं बी घालून. काही दिवसांनी तिच्या विद्यार्थ्यांची कार्डं आली. कुलाब्याहून एकानं लिहिलं होतं, ‘पडवळ लागला, घेवडा लागला नाही, इथली माती खारी आहे.’ ते कार्ड आजीनं पुष्कळ दिवस मशीनच्या खणात ठेवलं होतं. तिच्या मनाला ते का लागलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ‘बघून ये’ म्हणाली असती.

शाळेचं काय झालं? आजीनं कौलं उतरवून घेतली आणि कूड तसाच सोडला. विजेचं, धरणाचं तिला वावडं नव्हतं. दिव्याखाली शिवायला मिळतं म्हणून ती खूषच होती. पण साताऱ्याच्या घरी पहिल्यांदा वीज आली तेव्हा बटण दाबून म्हणाली, ‘‘ही आपल्या शाळेवरून आलीय.’’ एवढंच. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत साताऱ्याजवळच तिनं नोकरी केली. १९६७ च्या डिसेंबरातल्या त्या भूकंपानंतर तिनं महिनाभर रोज रात्री झबली आणि टोपडी शिवून कोयनानगरकडे पाठवली. १९७५ मध्ये ती निवृत्त झाली.

माझी आजी ती या पुढची. दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही तिच्यापाशी असायचो. तिनं मला शिवायच्या आधी उसवायला शिकवलं. जुनं पोलकं हातात देऊन म्हणायची, ‘‘कापड न दुखवता टाके काढ.’’ ब्लेड वापरायचं नाही, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा. मी कंटाळून रडकुंडीला यायचे. सगळं उसवलं की पोलक्याचे सुटे तुकडे जमिनीवर पसरायची आणि सांगायची, ‘‘आता कळलं ना, ते कसं बेतलं होतं?’’

१९८४ मध्ये तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी साताऱ्यात तिचा छोटासा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. लांबलांबून माणसं आली होती. एकीनं, ती स्वतः शाळेत शिक्षिका होती, भाषण केलं. ‘बाईंनी झोळ्या बांधल्या म्हणून मी शिकले,’ असं म्हणताना तिचा गळा भरून आला. आम्ही सगळे रडलो. मावशी रडली नाही. रात्री मागच्या पडवीत ती तांदूळ निवडत बसली होती. आई तिला म्हणाली, ‘‘किती छान बोलली गं ती!’’ मावशी सुपातून नजर न उचलता म्हणाली, ‘‘तिचा भाऊ मी सांभाळला. त्याला खरूज होती, ती मला झाली.’’ मग थोडं थांबून, ‘‘आईनं गावाच्या पोरी शिकवल्या. घरची तेवढी राहिली.’’

आजी दारात उभी होती. तिनं ऐकलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी बावीस वर्षांची होते, नुकतीच एम. ए.ला बसलेली, आणि मला वाटलं की आता आजी काहीतरी बोलेल. सगळं नीट होईल असं काहीतरी. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती आपणहून बोलली. ‘‘मला दोन हात होते. तिसरा मी तिचा घेतला. विचारून नाही घेतला.’’ मी म्हटलं, ‘‘आजी, तेव्हा इलाजच नव्हता.’’ ती म्हणाली, ‘‘होता. भाऊ ठेवून घेत होता तिला. चार पोरी कमी आल्या असत्या शाळेत.’’ तिनं हिशेब केलेला होता. पाच काजं, चार जागा, तसा स्वच्छ. आणि त्या हिशेबात आपल्या लेकीच्या बाजूला काय मांडलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात आजी आपणहून मावशीकडे राहायला गेली. पाटी-पुस्तक घेऊन गेली, खरंच. मावशीनं ते बाजूला ठेवलं. ‘‘पन्नाशीत आता पाचवीचं पुस्तक काढून काय करू?’’ आजीनं पुन्हा विषय काढला नाही. मावशीला तेव्हा नातू झालेला होता, सून बाळंतपण उरकून शेतावर जायला लागली होती, घरात झोळी टांगलेली होती. आजी त्या झोळीशी बसली. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची बाई. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दोरी तिच्या हातात. मध्ये कुणी घ्यायला गेलं तर द्यायची नाही. चातुर्मास तिनं तसा काढला. मी एकदा मावशीला विचारलं, तुम्ही दोघी काय बोललात गं तेव्हा? मावशी म्हणाली, ‘‘बोलायचं काय? चार महिने मी दुपारची निजले.’’

मावशीच्या तिन्ही मुली पदवीधर आहेत, हे सांगायला हवं. त्यासाठी तिनं सासऱ्यांशी काय काय भांडण केलं ती वेगळी कथा आहे, आणि ती मावशी मला छापू देणार नाही.

आजी १९९६ च्या श्रावणात गेली. त्याआधी, १९९० मध्ये, मी तिला बामणोलीपर्यंत नेलं होतं. मे महिना होता, पाणी खूप खाली गेलेलं. उन्हाळ्यात जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. जोती, पाटे-वरवंटे, देवळाचे दगड. लाँचवाल्यानं आम्हाला शिवसागरात थोडं आतपर्यंत नेलं. आजीनं डोळ्यांवर हात धरून पुष्कळ वेळ काठ न्याहाळला. मला वाटलं, ती शाळा शोधतेय. ती म्हणाली, ‘‘वरती कारवी आहे बघ अजून. खालची गेली, वरची आहे.’’ मग तिनं लाँचवाल्याला त्याची मुलगी कितवीत आहे ते विचारलं.

तिच्या माघारी वस्तू वाटल्या गेल्या. मशीन मावशीला द्यावं असं सगळ्यांचं मत पडलं. मावशी नको म्हणाली. ‘‘मशीन तुम्ही घ्या. मला पिशव्या द्या.’’ तेव्हापासून दरवर्षी ती बी धरते. माझ्या आईनं शास्त्र सांगायचा प्रयत्न केला : घेवडा आपलं आपणच परागीभवन करतो, तो आजीचाच राहिला म्हण, दुधीची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, रात्रीचे पतंग कुठून कुठून पराग आणतात, तेव्हा तो दुधी आजीचा कशावरून? मावशी म्हणाली, ‘‘पिशवी तर तिची आहे.’’

या वर्षी गेले तेव्हा मावशीला नव्वदावं सरलेलं. दृष्टी अधू झाली आहे, पण बोटांनी पिशवी ओळखते. तिनं एकेक पिशवी माझ्या ओढणीत मोकळी केली. दुधीची पिशवी हातात आली तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं त्यावरच्या अक्षरांकडे नीट लक्ष गेलं. ‘दुधि’ असं होतं. ऱ्हस्व. आजी ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत किती कडक! माझ्या पत्रांतल्या चुका ती लाल पेन्सिलीनं खुणा करून पत्र परत पाठवायची.

मी म्हटलं, ‘‘मावशी, ही पिशवी आजीनं भरलेली नाही.’’

‘‘मी भरलीय. त्या सगळ्याच मी भरल्यात. आई पेन्सिलीनं काढून द्यायची, मी टाके घालायचे. मागं बसल्या बसल्या.’’

‘‘मग हे ऱ्हस्व कसं?’’

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. ‘‘कापड संपलं उजवीकडं. वेलांटी कुठं काढू? मग डावीकडं काढली.’’

‘‘आणि आजीला दिसलं नाही?’’

‘‘दिसेना काय! म्हणाली, उसव आणि पुन्हा घाल. मी म्हटलं, झोळीतलं पोर रडतंय. मग राहिलंच ते.’’

तिनं नाडी ओढून पिशवी बंद केली आणि चाचपत कोनाड्यात ठेवून दिली. मग माझ्या ओढणीला स्वतःच गाठ मारत म्हणाली, ‘‘दुधीचं बी फार खोल पुरू नको. पेरभरच. मागच्या वर्षी कुजवलंस.’’